आठवणीच्या प्रार्थनेत मी काय सांगू?

पत्र

प्रिय ताई,

मी निपाणीकडची. मराठी शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आमची चर्चची मंडळी लहान, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असलेली. माझी मैत्रीण नर्स होती. दोघी लग्न होऊन एकाच सुमारास इथं आलो. दर बुधवारी दुपारी आमची दोघींची प्रार्थना असायची, एकदा तिच्या घरी, एकदा माझ्या. आधी चहा, मग एक गीत, मग बायबलमधलं वचन, मग तिच्या वहीतली नावं. ती बेसूर गायची आणि मोठ्यानं गायची. स्वभाव तापट. पाळकसाहेबांनाही तोंडावर बोलायची. बिडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत मात्र कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा ताप, आधी तिला बोलावणं यायचं.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. मिरज झालं, बेळगाव झालं. नाताळनंतर ती गेली. जाण्याआधी साधारण महिनाभर, आम्ही दोघीच असताना, ती मला म्हणाली, "डोळे मिटले की नुसती भिंत दिसते गं. पलीकडं कोण हाय का नाही, कळंनाच झालंय. माझ्यातर्फे तूच कर प्रार्थना. आणि मंडळीत कुणाजवळ बोलू नको, नाहीतर सगळ्या मिळून मला शिकवायला येतील."

मी कुणाजवळ बोलले नाही. दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, आपली बहीण शेवटच्या श्वासापर्यंत विश्वासात अढळ होती. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

आता वर्षाची आठवणीची प्रार्थना आहे आणि मी साक्ष द्यावी, म्हणजे उभं राहून तिच्याविषयी बोलावं, असं तिच्या मुलानं सांगितलंय. सुनेचं माहेर बैलहोंगलकडचं, त्यांच्यासाठी कन्नडमध्ये सांगायला कुणीतरी उभं राहील. सुनेनं मला तिची वही आणून दिली. सप्टेंबरपर्यंत नावं आहेत, पुढची पानं कोरी. त्यातलं वाचू का? मुलगा बेळगावला उद्यमबागेत कामाला आहे. चर्चला येणं त्यानं सोडलंय. "आईसारखा विश्वास मला जमणार नाही, मावशी," म्हणतो. मी रडले की बायका म्हणतात, आशा नसलेल्या लोकांसारखं आपण रडायचं नाही. आणि बुधवारी दुपारी तर मला घरात बसवत नाही. प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. आमचे शेजारी कॅथलिक आहेत, ते 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. मी तिच्या कबरीवर लावली तर चालेल का?

तुमची एक वाचक

उत्तर

बाई (तुम्ही शिक्षिका, आपल्या भागात दुसरं काय म्हणणार),

पहिल्यांदा त्या 'आमेन'चं बघू, कारण पत्रात तो शब्द तुम्ही दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय. कबर उघडी आहे, लेकरं रडताहेत, आणि पाळकांचं वाक्य तुम्ही दुरुस्त करायचं होतं की काय? ते कोर्ट नव्हतं आणि तुम्ही शपथेवर बोलत नव्हता. शिवाय पाळक जे बोलले ते त्यांनी जे पाहिलं त्यावरून बोलले. ते आले की ती डोळे मिटून हात जोडत असणार. त्या हातांमागं काय चाललं होतं हे तिनं तुम्हाला सांगितलं, त्यांना नाही. त्यांनीही खोटं बोललं नाही आणि तुम्हीही नाही. हा विषय इथंच मिटवा.

आता ती भिंत.

आपल्या मंडळ्यांमध्ये माणूस मरताना कसा असावा याचा एक साचा ठरून गेला आहे. ओठांवर वचन, चेहऱ्यावर शांती, जमलं तर शेवटचं एखादं गीत. हा साचा कुठून आला ते बघण्यासारखं आहे. 1820 साली लंडन मिशन बेळगावात आलं, 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, आणि त्यांच्यामागून त्या काळच्या इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ताप्रचारावर भर देणाऱ्या, लोकांच्या चालीरीतीही आल्या. त्यांच्या मासिकांत, अहवालांत अमुक भाऊ किंवा तमुक बहीण किती विजयानं मरण पावली याची वर्णनं आवडीनं छापली जात. वर्गणी देणारी दूरदेशची मंडळी ती वाचून गहिवरत असे. ती सगळीच वर्णनं खोटी होती असं मी म्हणत नाही. पण कुणाला मरताना दम लागला, भीती वाटली, देव दिसेनासा झाला, तर ते सहसा छापलं जात नसे. मग पुढच्या पिढ्यांना वाटलं, विश्वासातलं मरण म्हणजे असंच असतं. आणि तुमच्या मैत्रिणीसारखी बाई, आयुष्यभर दुसऱ्यांची मरणं जवळून बघितलेली नर्स, स्वतःच्या आजारपणात मंडळीला घाबरून गप्प बसते.

शास्त्राचं म्हणाल तर शास्त्रात भिंतीला भरपूर जागा आहे. बायबलमधलं 88वं स्तोत्र काढा. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटी कुठंतरी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी येतं. हे वळत नाही. माणूस रात्रंदिवस ओरडतोय, देव तोंड लपवून बसलाय, आणि शेवटी तो म्हणतो की माझे मित्र, माझी जवळची माणसं तू माझ्यापासून दूर केलीस. उरला तो अंधार. संपलं. पुढं एक ओळसुद्धा दिलाशाची नाही. हे स्तोत्र ज्यांनी गोळा करून ठेवलं त्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ठेवलं. आपल्या उपासनेत ते क्वचितच वाचलं जातं ही गोष्ट वेगळी. माझी पाळकांना जाहीर विनंती आहे की दफनाला दर वेळी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे 23वंच स्तोत्र घेऊ नका.

आणि कफर्णहूमची गोष्ट तर तुम्ही संडे स्कूलला शिकवली असेल. चौघंजण पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट उचलून आणतात, गर्दीमुळं दारातून जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. मार्क लिहितो, येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाला विश्वास होता की नव्हता, त्याला भिंत दिसत होती की आभाळ, याची तिथं चौकशी नाही. "माझ्यातर्फे तूच कर" असं तुमची मैत्रीण म्हणाली तेव्हा तिनं तुम्हाला बाजेचा एक कोपरा धरायला सांगितलं. तुम्ही तो धरला.

यावरून 'म्हणजे तिचा विश्वास शेवटपर्यंत होताच' असा निकाल मला काढायचा नाही. तुम्हीही काढू नका. ती शेवटच्या आठवड्यात कुठं होती ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि ते ठरवायचं काम आपल्याला कुणी दिलेलं नाही.

मग साक्षीत काय सांगायचं?

ही भिंत सांगायची नाही, हे पहिलं. तिनं मंडळीत बोलू नको म्हटलं होतं आणि आठवणीची प्रार्थना म्हणजे मंडळीच. ती गेली म्हणून शब्द संपत नाही. कुणी म्हणेल की सत्य सांगितल्यानं दुसऱ्यांना धीर येईल. येईलही. मदर तेरेसांचंच बघा. 1997 साली त्या वारल्या आणि 2007 साली त्यांची खासगी पत्रं पुस्तकरूपानं छापली गेली. जवळजवळ 50 वर्षं त्यांना देव जाणवत नव्हता, प्रार्थना पोकळ वाटत होती, हे त्या पत्रांतून जगाला कळलं. ती पत्रं जाळून टाका असं त्यांनी सांगितलं होतं. वरिष्ठांनी ती ठेवली. पुढं 2016 मध्ये त्यांना संतपद मिळालं, तेव्हा ती पत्रं आड आली नाहीत. कित्येकांना त्या पत्रांचा आधार झाला, मलाही झाला, आणि तरीसुद्धा ती छापायला नको होती असं मला वाटतं. (यावर मला रागाची पत्रं येणार, माहीत आहे.) पण निदान मदर तेरेसांची सारी हयात जगासमोर होती. तुमची मैत्रीण निपाणीकडची एक नर्स. तिच्या त्या चार वाक्यांचा दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या माणसापर्यंत काय विषय होईल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण भिंत सांगायची नाही म्हणून 'अढळ' म्हणायचं असंही नाही. तो शब्द तुम्ही वापरू नका. दुसऱ्यांना वापरू दे. कुणी थेट विचारलंच की शेवटी कशी होती, तर सांगा, "तिला फार सोसावं लागलं. मला प्रार्थना करायला सांगायची." दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आहेत आणि दोन्हींत तिची गोष्ट उघडी पडत नाही.

साक्षीसाठी तुम्हाला प्रेषितांच्या कृत्यांचा 9वा अध्याय दाखवते. यापो गावात टबीथा, म्हणजे दुर्कस, नावाची शिष्या वारली. येशूचा शिष्य पेत्र याला बोलावणं गेलं. तो माडीवर आला तेव्हा गावातल्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कसनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवू लागल्या. बाकी भाषण नाही. ती किती भक्तिमान होती, किती प्रार्थनाशील होती, असलं एक वाक्य त्या बायकांच्या तोंडी नाही. हा बघा अंगरखा, हा बघा टाका. पुढं पेत्रानं तिला उठवलं ते आपल्या हातात नाही, पण कपडे दाखवणं आपल्या हातात आहे.

तर तुम्ही कपडे दाखवा. तुमच्या पत्रात ते आहेतच, आणि नकळत तुम्ही फार छान लिहून गेला आहात. 'ती बेसूर गायची आणि मोठ्यानं गायची.' साक्षीचं पहिलं वाक्य हेच करा. लोक आधी चपापतील, मग कुणीतरी हसेल, मग सगळे हसतील, आणि त्या हसण्यात ती एकदम तिथं येऊन बसेल. आठवणीच्या प्रार्थनेत हसू नये असा कुठं नियम आहे? मग तापटपणा सांगा. पाळकांना तोंडावर काय बोलली होती तो एखादा प्रसंग सांगा, पाळकांना आधी विचारून. बहुतेक तेच जास्त हसतील. मग वस्तीतली एखादी रात्र. 'तिनं गोरगरिबांची सेवा केली' असं म्हणू नका, ते वाक्य कुणाच्याही फोटोखाली चालतं. कुणाचं दार, कुठला महिना, पावसात कंदील घेऊन कोण पुढं चालत होतं, बाळंतीण आणि मूल धडधाकट आहेत कळल्यावर ही चहा पिऊन आली की तशीच निघाली, एवढं सांगा. मात्र ज्या घरची गोष्ट सांगणार त्यांना आधी जाऊन विचारा आणि त्यांना प्रार्थनेला बोलवा. त्या बायका हिंदू असोत, मुसलमान असोत, त्यांना पुढच्या ओळीत जागा द्या. तुमच्या मैत्रिणीच्या आठवणीवर त्यांचा हक्क मंडळीतल्या कित्येकांपेक्षा जास्त आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी स्मृतिचित्रांत नारायण वामन टिळकांना आठवलंय ते असंच. त्यांचा राग, त्यांच्या लहरी, घरात दाणा नसताना दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळं आहे. म्हणून तर ते पुस्तक वाचताना टिळक खोलीत वावरतात असं वाटतं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात हा कित्ता असताना आपण श्रद्धांजलीच्या छापील मजकुरासारखं का बोलावं?

वही मात्र वाचू नका. कारण भिंत नाही, कारण नावं. प्रार्थनेच्या वहीत माणसं आपलं कुठलं कुठलं दुखणं सोपवतात. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न, कुणाचा रिपोर्ट. नर्सच्या वहीत तर विचारायलाच नको. नुसती नावं वाचली तरी लोक 'हिचं काय होतं बरं?' म्हणून माना वळवतील. तुम्ही पत्रासोबत एका पानाचा फोटो पाठवलाय, नावांवर बोट ठेवून. औषध कंपनीची फुकट मिळालेली डायरी, पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात, वर निळ्या शाईत यादी आणि प्रार्थना फळाला आली तिथं लाल पेनानं बारीक खूण, वॉर्डातल्या चार्टवर करतात तशी. बोलताना डायरी हातात धरा, लाल खुणांविषयी सांगा, खोकल्याच्या औषधाचं सांगा. उघडू नका.

कोऱ्या पानांचं एक तुमच्या लक्षात आलं नसेल. ती डायरी तुम्हाला देण्याआधी सुनेनं चाळली नसेल असं मला वाटत नाही. सासूच्या आजारपणात घरात सगळं तीच करत होती. सप्टेंबरनंतर वही उघडली गेली नाही हे तिनंही पाहिलं असणार, आणि ती वही तिनं पाळकांना न देता तुम्हाला आणून दिली. त्या पोरीशी एकदा निवांत बोला. काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं की तिचे ते दिवस कसे गेले.

आता मुलगा. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न हा आहे आणि तुम्ही तो प्रश्न म्हणून विचारलेलाही नाही. त्याच्या डोक्यात आईचा एक पुतळा उभा केलाय, दफनाच्या दिवशी त्यावर शेवटचा हात फिरवला गेला, आणि आता तो त्या पुतळ्याकडं बघून म्हणतो की मला जमणार नाही. साहजिक आहे. तसला विश्वास त्याच्या आईलाही जमला नव्हता, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्याला सांगावं असं माझं मत आहे. तिनं गप्प राहायला सांगितलं त्याचं कारणही तिनंच दिलं होतं: सगळ्या मिळून शिकवायला येतील. मुलगा शिकवायला येणाऱ्यांतला नाही. तरी वचन ते वचन, म्हणून मी तीन अटी घालीन. आठवणीच्या प्रार्थनेच्या दिवशी नाही, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तर नाहीच. तो एकटा भेटेल तेव्हा. दुसरं, त्यानं पुन्हा तसं काही बोलल्यावरच. 'आईसारखा विश्वास मला जमणार नाही' हे त्याचं विचारणंच आहे, पण त्याला ते आणखी एकदा विचारू दे. तिसरं, चर्चला परत आणायचं म्हणून सांगू नका. तो तेवढ्यात ओळखेल.

सांगताना आधी भिंत सांगा, मग 'माझ्यातर्फे तूच कर'. उलटा क्रम लावलात तर त्याला उपदेश ऐकू येईल. आणि ती जे शब्द बोलली तेच बोला. तुमच्या पत्रातले तिचे शब्द इतके तिचे आहेत की त्यात तुमची किंवा माझी भर नको. ऐकून तो रडेल, चिडेल, किंवा काहीच न बोलता गाडीला किक मारून निघून जाईल. जाऊ दे. तुम्हाला तो मावशी म्हणतो, परत येईल. एक शक्यता आहे की तो दुखावून म्हणेल, हे तिनं मला का नाही सांगितलं? याला उत्तर आहे आणि ते द्या: आई मुलाला सगळं सांगत नाही. मैत्रिणी त्यासाठीच असतात.

रडण्यावरून टोकणाऱ्या बायकांना फार वेळ द्यायला नको. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल म्हणतो की आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका. कसा करू नये ते सांगितलंय. करूच नये असं म्हटलेलं नाही. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडं जाताना रडला. त्या दिवशी बेथानीत तुमच्या मंडळीतल्या बायका असत्या तर त्यांनी त्यालाही समजावलं असतं.

मेणबत्तीचं थोडक्यात. कॅथलिक मंडळी 2 नोव्हेंबरला मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतात. प्रोटेस्टंट मंडळ्या 16व्या शतकापासून ते करत नाहीत. आपण मृतांबद्दल देवाचे आभार मानतो. मेणबत्ती लावल्यानं तुम्ही यातली कुठलीच बाजू बदलत नाही. लावायची तर लावा. फुलं न्यायची असतील तर 31 ऑक्टोबरलाच आणून पाण्यात ठेवा, कारण 1 नोव्हेंबरला आपल्याकडं एका बाजूला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, दुसऱ्या बाजूला कर्नाटक राज्योत्सव, फुलवाल्याचं दुकान उघडं असेलच याचा भरवसा नाही. आणि ईस्टरच्या पहाटे तुमची मंडळी दफनभूमीत उपासना घेत असेल तर ती चुकवू नका.

राहिला बुधवार. इतकी वर्षं दोघींनी मिळून केलेली गोष्ट एकटीला येत नाही, यात नवल काय? तुमच्या प्रार्थनेचा अर्धा आवाज तिचा होता, तोही बेसूर. आणि मला शंका आहे की तिची ती भिंत थोडीशी तुमच्याकडंही आली आहे. पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाही, पण 'शब्दच येत नाहीत' हे तिच्याच बोलण्याच्या जवळचं आहे. घाबरू नका. दुसरी जोडीदारीण शोधायची घाई करू नका, आणि मंडळीनं कुणाला पाठवलं तर चहा पाजून परत पाठवा. बुधवारची वेळ मात्र मोडू नका. चहा करा, एकाच कपाचा. शब्द येत नसतील तर 88वं स्तोत्र मोठ्यानं वाचा, बाकी काही नको. ज्यांना स्वतःचे शब्द सुचत नाहीत त्यांच्यासाठीच ती स्तोत्रं आहेत.

आणि त्यानंतर डायरी उघडा. तिथं तुम्ही ती उघडायलाच पाहिजे. शौल राजाचा मुलगा योनाथान हा दावीदाचा जिवलग मित्र; तो लढाईत पडल्यावर दावीदानं त्याच्यासाठी विलाप केला, तो सगळ्यांना माहीत आहे. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. बऱ्याच काळानं, राजा झाल्यावर, दावीद विचारतो, शौलाच्या घराण्यातलं कोणी उरलंय का, योनाथानासाठी मला त्याचं काही भलं करता येईल असं? तेव्हा योनाथानाचा दोन्ही पायांनी लंगडा मुलगा मफीबोशेथ सापडतो आणि कायमचा राजाच्या पंगतीला जेवायला बसतो. दावीदाला शोधाशोध करावी लागली. तुमच्याकडं यादी तयार आहे. ज्या नावांपुढं लाल खूण नाही ती बघा. त्यातलं एक नाव घ्या, आणि प्रार्थना जमत नसेल तर तिच्या घरी जाऊन या. रिपोर्टचं काय झालं, पोरगीचं काय झालं, एवढं विचारा. खूण करायची वेळ आली तर लाल पेननंच करा.

साक्षीविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. कन्नडमध्ये वाक्यागणिक सांगायचं म्हटलं की 5 मिनिटांची साक्ष 10 मिनिटांची होते, म्हणून 5 मिनिटांपुरतंच लिहा आणि लहान वाक्यं ठेवा. लिहून काढा, मोठ्या अक्षरात, कागदावर. मोबाइलवर वाचताना डोळ्यांत पाणी आलं की अक्षर दिसत नाही. कागदाची एक प्रत दुभाषाला आदल्या दिवशी द्या, नाहीतर तुम्ही 'बेसूर गायची' म्हणाल आणि तो भला माणूस आदरापोटी कन्नडमध्ये 'सुरेल गात असत' असं सांगून मोकळा होईल, आणि बैलहोंगलची माणसं हसायची ती हसणारच नाहीत.